डावीकडचा कॉर्नर

"मी सांगतो, विकला गेलाय तो!" टॅक्सीवाल्याने काचेच्या काउंटरवर थाप मारली. आत मांडलेल्या चष्म्यांच्या फ्रेमा हादरल्या.

"पुरावा?" मास्तरांनी विचारलं. तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला नुसत्या थापेने काही पटत नसे.

"पुरावा कसला मागता? डावीकडून कॉर्नर मिळाला की आपला गोलकीपर बॉल सोडून गॅलरीकडे मान वळवतो. एकदा नाही, दर वेळी. तिथून कुणीतरी खूण करतं. गेल्या मोसमात तोंडावर बूट बसला म्हणून दोन महिने घरी होता ना, तेव्हाच कुणीतरी गाठलं त्याला. त्याआधी कधी बघायचा असा?"

रविवारी सकाळी चष्म्याच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा फुटबॉल क्लबचे पाठीराखेच जास्त असत. मास्तरांनी नंबर लिहायचा एक कागद ओढला आणि पाठकोऱ्या बाजूवर मैदान काढलं.

"तो एकटा असता तरी चाललं असतं. हा बचावातला स्टॉपर बघा. याची जागा कुठे? मधे. हा उभा कुठे? डाव्या खांबाला चिकटून. मधे सगळं रान मोकळं. तीन गोल खाल्ले तिथूनच. पाचवीतलं पोर अशी चूक करणार नाही."

"आणि कॅप्टन?" शिट्टी म्हणाला. हे त्याचं टोपणनाव. वीस वर्षं तो सामना बघायला नव्हे, रेफ्रीला शिव्या द्यायला यायचा. "डावीकडे कॉर्नर लागला की हा निघाला रेफ्रीशी हुज्जत घालायला. रेफ्री चोर आहे, ते सोडा. पण चोराशी एवढं काय बोलायचं असतं रे? साटंलोटं आहे सगळं."

तक्रारअर्ज काउंटरवरच पडला होता. त्यावर चाळीस सह्या होत्या. अर्ज मान्य झाला की गोलकीपरची क्लबमधली अकरा वर्षं एका बैठकीत पुसली जाणार होती, आणि सामना विकल्याचा शिक्का जन्मभर कपाळावर बसणार होता. सही राहिली होती ती फक्त चष्मेवाल्याची. तो क्लबच्या समितीवर होता. त्याच्या सहीशिवाय समिती अर्जाकडे बघणारही नव्हती.

"घाई काय आहे?" चष्मेवाला म्हणाला. "दुपारी सामना आहे. तो कुणाकडे बघतो ते मी माझ्या डोळ्यांनी बघतो. काही दिसलं तर तिथल्या तिथे सही."

"दुर्बीण घेऊन जा," टॅक्सीवाला म्हणाला. "आणि स्वतःच्या चष्म्याची काच आधी पूस!"

समितीच्या बिल्ल्यावर चष्मेवाला थेट गोलपोस्टच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दहाव्या मिनिटाला डावीकडे कॉर्नर लागला. कॅप्टन रेफ्रीकडे धावला. बॉल रेषेबाहेर ठेवलाय म्हणाला. स्टॉपर डाव्या खांबाला जाऊन चिकटला. गोलकीपरने मान वळवली. चष्मेवाल्याने चटकन गॅलरीवर दुर्बीण रोखली. तिथे एक आजोबा पेंगत होते. शेजारी कुणीच नव्हतं.

पुढच्या कॉर्नरला त्याने दुर्बीण गोलकीपरच्या चेहऱ्यावर धरली. कॅप्टनची रेफ्रीशी हुज्जत चालली होती तोवर त्याचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. तो समोरच्या संघाचे खेळाडू मोजत होता. आणि त्यात चष्मेवाल्याला काहीतरी खटकलं. माणूस कुणाकडे बघतो तेव्हा आधी डोळा वळतो, मग मान. याची आधी मान वळत होती.

बॉल पलीकडच्या टोकाला गेला तेव्हा त्याने दुकानात रोज बोटाने करतो ती तपासणी रुमालाने केली. गोलच्या डाव्या बाजूला उभं राहून रुमाल हलवला. गोलकीपर ढिम्म. मग तो जाळीमागून उजवीकडे गेला आणि तेवढ्याच अंतरावरून रुमाल जेमतेम वर केला.

"काका, रुमाल खाली घ्या हो," समोरची नजर न हटवता गोलकीपर म्हणाला. "लक्ष जातं."

चष्मेवाल्याने रुमाल खिशात कोंबला. त्याला राग आला. म्हणजे तो बूट तोंडावर नव्हे, डोळ्यावर बसला होता. आणि या गृहस्थाने एक अक्षर न बोलता पुन्हा जागा घेतली होती. सामना विकला नसेल, पण फसवलं तर होतंच. क्लबला फसवलं, कॅप्टनला फसवलं, त्याच्या भरवशावर पुढे धावणाऱ्या दहा जणांना फसवलं. टॅक्सीवाल्याचा अर्ज खोटा असला, तरी सही करायला आता दुसरं, चांगलं खणखणीत कारण होतं. पण आधी कॅप्टनला सांगायला हवं होतं. बिचाऱ्याला आपल्या पाठीमागे काय चाललंय याचा पत्ताच नसणार.

मध्यंतरात तो तडक नळापाशी गेला. कॅप्टन आणि स्टॉपर तोंडावर पाणी मारत होते.

"तुमच्या गोलकीपरला डाव्या डोळ्याने दिसत नाही!" चष्मेवाला म्हणाला. "अजिबात दिसत नाही. गेल्या मोसमापासून तुम्हा सगळ्यांना गंडवतोय तो!"

स्टॉपरने झटकन नळ पुरता सोडला. पाण्याचा मोठा आवाज सुरू झाला. कॅप्टनने वळून पाहिलं. दहा पावलांवर गोलकीपर पायरीवर बसून मोजे सारखे करत होता. कॅप्टनने चष्मेवाल्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीआड ओढलं.

"हळू बोला, काका. आम्हाला माहीत आहे, हे अजून त्याला माहीत नाही."