आतून दोन ठोके

लुटुपुटीच्या लढायांसाठी चिलखतं घडवणाऱ्या थोरल्याला सकाळपासून चैन नव्हतं. धाकट्या भावाच्या नव्याकोऱ्या चिलखताच्या छातीवर पोचा आला होता, आणि तोही उलटा. पत्रा आतून बाहेर फुगला होता. चिलखत तर अजून कुणी अंगात घातलंही नव्हतं.

त्याने तो हातोडीने ठोकून बसवला. चहा पिऊन येतो, तर शेजारीच दुसरा.

"दादा, तुझाच हात चुकला असेल," धाकटा म्हणाला. "चढव आता, मैदानावर सगळे खोळंबलेत."

थोरल्याने धाकट्याच्या अंगावर चिलखत चढवून पट्टे आवळले, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण घातलं. त्यात डोकं गेलं की बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघांची खूण ठरलेली होती. धाकट्याने छातीवर एक ठोका दिला की ठीक आहे, दोन दिले की जीव गुदमरतोय, काढ.

मग थोरला लोखंडी हातमोजे चढवायला लागला. धाकट्याचे दोन्ही हात त्याच्या हातांत होते.

छातीच्या पत्र्यावर दोन ठोके पडले.

"मी ठीक आहे, दादा," शिरस्त्राणातून दबका आवाज आला. "तू कशाला ठोकतोयस?"