नको असलेली रास

जाळं डेकवर मोकळं झालं आणि बोटीचा तांडेल गिल्बर्ट कावी वाकून बघू लागला. हवा होता हॅडक मासा. पडला होता हेक, लांबलचक, चंदेरी, राशीच्या राशी.

"मेलो!" ॲलेक्सनं टोपी मागे सारली. हा गिल्बर्टचा जावई, ग्लासगोहून येऊन नुकताच बोटीवर रुळलेला. "बाबा, हेकचा कोटा आपला उरलाय चार पेट्यांचा!"

तांडेलाला हे सांगायला नको होतं. गिल्बर्ट सुकाणूपाशी जाई, बाहेर येई, पुन्हा आत जाई. पाणी तापत चाललं तसा हेक उत्तरेला सरकला होता. कोट्याची, म्हणजे वर्षाला कोणी किती मासा धरायचा त्याची, वाटणी मात्र जुनीच, त्यात स्कॉटलंडच्या बोटींना चिमूटभर. त्यात ब्रसेल्सहून आलेला युरोपचा नवा नियम: जाळ्यात येईल ते बंदरावर आणायचं, एकही मासा परत फेकायचा नाही. हा हेक बंदरावर उतरला की कोटा संपला; मग पुन्हा हेक येईल म्हणून जाळंच टाकता येणार नाही, आणि नव्या वर्षापर्यंत बोट धक्क्याला. सप्टेंबर तर आत्ता लागला होता. खलाशांना पगार नव्हता, वाटा होता. बोट धक्क्याला बांधून ठेवली की सगळ्यांच्याच पोटावर पाय.

"फेकून देऊ," ॲलेक्स हळूच म्हणाला. "मेलेलाच आहे तो. बघायला कोण येतंय इथं? हे सीगल? ते काय चुगली करणार?"

सगळे तांडेलाच्या तोंडाकडे बघत होते. एकाचा हात सवयीनं फावड्याकडे गेलासुद्धा. गिल्बर्टनं मान हलवली की काम झालं असतं.

"पेट्या काढा," तो म्हणाला. "बर्फ घाला. सगळा हेक खाली घ्या. घरी चाललोय आपण."

ॲलेक्सनं फावडं डेकवर आपटलं. "अहो, स्वतःच्या पोरीचा तरी विचार करा! ब्रसेल्सच्या कोणा दीडशहाण्यानं खुर्चीत बसून कायदा काढायचा, आणि उपाशी आपण मरायचं? त्यानं उभ्या जन्मात कधी मेलेला मासा समुद्रात लोटलाय का?"

"लोटलाय. अर्धं आयुष्य लोटलाय, झोप उडेपर्यंत," गिल्बर्ट म्हणाला. "आणि मग ब्रसेल्सला जाऊन, घसा फोडून, हा कायदा मीच मागितलाय."