ढोंगाची चिठ्ठी

लिफाफ्यातल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'तुम्ही संमोहित झाल्याचं ढोंग करायचं आहे.'

"चांगलं वठवा हं," प्रयोगशाळेतली सहायक लोसा म्हणाली. "निम्म्या लोकांना ही चिठ्ठी येते, आणि कोणाला आली ते सरांना कळू द्यायचं नसतं. मागच्या आठवड्यातला एक जण तर ढोंग करता करता खरंच घोरायला लागला."

मेरिनला हसू आलं. ही चिठ्ठी निघाली नसती, तरी ती ढोंगच करणार होती. त्यासाठीच तर चार तास गाडी हाकत ती सिडनीला आली होती.

तिचे वडील, डेस, टॅलोरा बंदरावर बोटी दुरुस्त करायचे. सदतीस वर्षांपूर्वी तिथलं मासळीचं गोदाम कोणीतरी पेटवलं आणि आत झोपलेला राखणदार जळून मेला. बंदरावर खेळणाऱ्या एका पोरीनं पेट्रोलचा डबा नेणारा माणूस पाहिला होता, पण तिला धड काही आठवेना. पोलिसांनी प्रोफेसर इयन कार्मोडींना बोलावलं. त्यांनी पोरीला संमोहित केलं आणि ती म्हणाली, त्याच्या डोक्यावर निळी लोकरी टोपी होती. तशी टोपी बंदरावर एकट्या डेसची होती, बायकोनं विणलेली. तेवढ्यावरून त्यांना जन्मठेप झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. चौथ्या वर्षी डेस तुरुंगातच वारले.

पोरीचं नाव कोर्टानं छापू दिलं नाही. मेरिनच्या आईनंही ते कधी उच्चारलं नाही. तिनं आडनाव बदललं, गाव सोडलं आणि इतकी भेदरून राहिली, की दारावर कुणी ठोठावलं तरी लेकीचा डावा हात घट्ट धरून ठेवायची. मागच्या महिन्यात ती गेली. जाताना म्हणाली, "त्या पोरीला काही बोलू नकोस." मेरिनला आईच्या या भोळेपणाचा संताप आला. ती कोणालाच सोडणार नव्हती. आधी तो म्हातारा प्रोफेसर, मग ती पोरगी.

"आरामात बसा," प्रोफेसर म्हणाले. आता ते ऐंशीच्या घरात होते आणि मान सारखी हलत होती. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, कोपऱ्यात कॅमेरा सुरू होता. "चहा संपवा. घाई नाही."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि सवयीनं पेन्सिल तीनदा टेबलावर आपटली. मेरिनच्या डाव्या हातातला कप हिंदकळला. चहा स्वेटरवर सांडला. एवढी कसली घाबरतेस, म्हणून तिनं मनातल्या मनात स्वतःला शिवी हासडली.

प्रोफेसर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"भाजलं का गं?"

"नाही. सुरू करा."

ते संथ आवाजात बोलू लागले. पापण्या जड होतायत, पायऱ्या उतरतेयस, खाली, आणखी खाली. मेरिननं मान टाकली, श्वास लांबवला.

"काय दिसतंय?"

"बंदर. एक माणूस चाललाय. हातात पेट्रोलचा डबा आहे. डोक्यावर निळी टोपी."

"कोण आहे तो?"

"तुम्ही."

कागदावरची पेन्सिल थांबली. मेरिननं डोळे उघडले.

"आलं ना कॅमेऱ्यात? मी डेसची मुलगी. म्हणा आता, हे सगळं खोटं आहे. पण मग ती पोरगी बोलली तेही खोटं होतं, असं म्हणावं लागेल. नाहीतर मीही संमोहनात बोललेय, माझ्यावरही विश्वास ठेवा."

काट्यानं काटा काढायला ती आली होती. म्हातारा वाद घालेल, आवाज चढवेल, म्हणून ती तयारीत होती. पण प्रोफेसर शांतपणे कॅमेऱ्याकडे वळले.

"खोटंच होतं ते," ते म्हणाले. "पोलिसांचा डेसवर आधीपासून डोळा होता. टोपीचं मला त्यांनीच सांगितलं. पोरगी टोपीबद्दल बोललीच नव्हती. 'टोपी होती ना? निळी होती ना?' असं मीच विचारलं, आणि ती हो म्हणाली. मुलं ओळखीची गोष्ट पटकन धरतात. डेसला मी अडकवलं."

हे ऐकायला मेरिननं सारा जन्म काढला होता. पण पोटातली आग काही विझली नाही.

"आता त्या पोरीचं नाव सांगा."

"सोड ना तिला. लहान होती ती."

"आता माझ्याएवढी असेल. संसार असेल, पोरंबाळं असतील. तिच्या दारात उभी राहणार आहे मी. पोरांसमोर सांगणार आहे, तुमच्या आईनं माझा बाप खाल्ला."

"तिला काही आठवत नाही, मेरिन. 'जागी झालीस की इथलं सगळं विसरशील,' असं मीच तिला सांगितलं होतं."

"मी देईन ना आठवण करून! नाव!"

"नाव माझ्या तोंडून निघणार नाही." प्रोफेसर म्हणाले. "एक खूण सांगतो. ती पुरती संमोहित झालीय का, ते बघायला मी तिच्या मनात ठेवली होती. तसली खूण मी पुन्हा कोणाला दिली नाही. पेन्सिलीचे तीन ठोके ऐकले, की तिचा डावा हात आपोआप वर जायचा. ती खूण पुसायची राहूनच गेली."

"मग काय, पेन्सिल वाजवत गावोगाव हिंडू मी? नाव सांगा!"

प्रोफेसरांनी पेन्सिल उचलली. त्यांचे डोळे भरले होते.

एक. दोन. तीन.

"आरशात बघ, बाळा," ते म्हणाले.

आरशात एक बाई बसली होती, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा डावा हात वर करून.