न घसरणारी बोट

"तुमच्या बोटीवर पाय घसरतो बाई, हात द्या," हे बायकोचं पालुपद लग्न झाल्यापासूनचं. शेवटी एकदा नावाडी इरेला पेटला. त्याने डेक घासून लख्ख केला, कडांना टेप लावली, रंगाचा एक हात मारला आणि रंग ओला असतानाच स्वयंपाकघरातून लांबवलेल्या चाळणीने त्यावर बारीक वाळू भुरभुरवली. वाळल्यावर वरून आणखी एक हात. कंबर धरली, पण डेक असा खरखरीत झाला, की साबणाच्या पायांनी नाचलं तरी कुणी घसरू नये.

बायको धक्क्यावर आली. सवयीने त्याचा हात पुढे झाला. मग एकदम आठवून त्याने तो ऐटीत स्वतःच्या कमरेवर ठेवला.

"ये बिनधास्त. आता कशी घसरतेस तेच बघतो."

ती काठावरच थांबली. तिने डेककडे बघितलं, वाळूने माखलेल्या आपल्या चाळणीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"अहो, इतक्या वर्षांत मी एकदा तरी घसरलेय का?"

नावाड्याने डोकं खाजवलं. "नाही बुवा."

"मग? द्या हात."