तांदळातली मेणबत्ती

नाताळच्या आदल्या दिवशी माझी बायको सिंथिया गेली. छे, असं काही झालेलं नाही. आज आगमनकाळाचा चौथा रविवार आहे. नाताळआधीच्या दर रविवारी एक, अशा तीन मेणबत्त्या पेटवून झाल्यात. चौथी सापडत नाहीये आणि सिंथिया पलंगावरून मला वेंधळ्या म्हणतेय.

शेवटी सात वर्षांच्या आमच्या लरिसाने कबुली दिली. “तांदळाच्या डब्यात लपवलीय. डॉक्टर म्हणाले ना, मम्मी नाताळपर्यंतच. चौथी पेटलीच नाही, तर नाताळ येणार कसा?”

सिंथिया हसली, मग बराच वेळ खोकली. “बापावर गेलीय. डोकं भरपूर, उपयोग शून्य. जा, घेऊन ये.”

मी डब्यात हात घातला. मेणबत्ती लगेच हाताला लागली. मी ती आणखी खाली, पार तळाशी दाबली आणि बाहेर येऊन म्हणालो, “नाही सापडली.”

“बरं,” कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या माझ्या हाताकडे बघत ती म्हणाली.

माननीय फादर, यंदाच्या आगमनकाळाला पाचवा रविवार मंजूर करावा आणि मंजुरी मागील तारखेपासून लागू व्हावी, ही नम्र विनंती.