छकुलीची रंगओळख

"पिवळी तार एअरबॅगची. तिला तपासणीची सुई लावली तर बॅग तोंडावरच फुटेल," असं अप्पांनीच सकाळी केतकीला बजावलं होतं. तीस वर्षं एसटीच्या डेपोत वायरिंग केलेला माणूस; लेकीच्या गाडीचा हॉर्न बंद पडल्यावर दुसऱ्या कुणाला हात लावू देतो होय?

केतकी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन गाडीच्या दाराशी उभी होती. स्टीअरिंगखाली वाकलेल्या अप्पांनी टेस्ट लॅम्पची, तारेत वीज असली की लागणाऱ्या दिव्याची, सुई पुढे नेली. सुई पिवळ्या तारेकडेच चालली होती.

"अप्पा, थांबा. ती कुठली?"

"पांढरी. हॉर्नची. दिसत नाही का तुला?"

महिनाभर अप्पा पेपर नुसताच समोर धरून का बसत होते, ते तिला आत्ता उमगलं. "डोळे दाखवून घ्या" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्या मानेवरचा घाम पाहून तिने ते गिळले. मुलीला मांडीवर घेऊन ती त्यांच्याशेजारी टेकली.

"छकुले, ही बघ पिवळी, हळदीसारखी. तिच्या डावीकडची पांढरी. आणि ती हिरवी."

हवेत थांबलेली सुई डावीकडे सरकली. लॅम्पचा इवलासा दिवा लागला.

मग वर न बघताच अप्पांनी पुढची तार चिमटीत धरली. "आणि ही कुठली गं, छकुले?"

छकुलीने तोंडातली मूठ काही काढली नाही.

"निली, आजोबा," केतकी बोबड्या आवाजात म्हणाली.