गुलाबबाईची पाणपोई

तापाने फणफणलेल्या गुलाबबाईने त्या संध्याकाळी स्वतःहून पाणी मागितलं, तसे झुंबरलाल धावतच माठाकडे गेले. पण ग्लास बायकोच्या ओठांना लागायच्या आधीच शेजारच्या चेतनावहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"काय करून राह्यले, भाऊजी? दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब न घ्यायचा जन्माचा नेम आहे तिचा. आता शेवटी मोडता काय?"

खाटेभोवती बसलेल्या बायांनी माना डोलावल्या अन् णमोकार मंत्राचा जप सुरू केला. गुलाबबाई कोरडे ओठ चाटत राहिली. उजाडायच्या आत ती गेली. मंदिरात जो तो म्हणाला, केवढी पुण्यवान बाई, मरताना पण नेम सोडला नाही!

वर्ष झालं. जैन समाजाने मानोऱ्याच्या बसस्टँडवर तिच्या नावाने पाणपोई बांधली. वर हार घातलेला तिचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'रात्रंदिवस थंड पाणी'. पाहुणे उशिरा आले, म्हणून फीत कापेपर्यंत अंधारून आलं. चेतनावहिनी आता महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनीच पहिला ग्लास भरला अन् झुंबरलालच्या हातात दिला.

"घ्या भाऊजी. आमच्या गुलाबच्या आत्म्याले शांती भेटन."

झुंबरलालनी तो ग्लास फोटोतल्या ओठांना लावला अन् वहिनींकडे वळून पाहिलं.



"दिवस बुडाला, वहिनी. आज माहा हात काहून नाही धरत?"